डाव्या बाजूचा खिसा

इस्पितळाची मागची छोटी लिफ्ट नेमकी दोन मजल्यांच्या मधोमध अडकली, आणि ती मुद्दाम अडकली असं माझं ठाम मत आहे. त्या लिफ्टला माणसं पारखायची खोडच होती.

आत एकटी टेलरबाई. तरुण, फटकळ, केमोनं केस गेलेल्या डोक्याला निळा रुमाल. हातात मात्र अशी जादू, की रस्त्यानं कुणी नुसतं खोकलं तरी ही त्याच्या गळ्याचं माप सांगायची.

वरच्या फटीतून दोन डोळे डोकावले. लिफ्टचा मिस्त्री.

"घाबरलात?"

"छे! तुमची कॉलर उसवलीय, ती बघतेय."

डोळे हसले. "आत्ता सुरू करतो."

"सावकाश चालू द्या. वर सुई टोचायला टपलेत सगळे."

"मग... चहा?"

"फटीतून कप येणार नाही."

"बशी येईल ना!"

आणि आली. एक थेंब न सांडता!

तेव्हापासून तिच्या दर केमोला लिफ्ट बिघडू लागली. ऑफिसवाले म्हणायचे, तारा जुन्या झाल्यात. तारा कसल्या... मिस्त्रीची कॉलर तेवढी जुनी होती. शेवटी टेलरबाईनं त्याला नवा शर्टच शिवून दिला, बोटांना केमोच्या मुंग्या येत असताना.

मग ऑपरेशनची वेळ आली. डॉक्टरबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. औषधानं गाठी आक्रसल्या होत्या, पण त्या दोन वेगवेगळ्या ठिकाणी होत्या. स्तन राखून चालणार नव्हतं.

"त्याच वेळी पोटाकडचं मांस घेऊन नवा घडवता येईल, नाहीतर सिलिकॉन बसवता येईल. किंवा सपाटच ठेवू. पुढे मन बदललं, तर बहुतेकदा नंतरही करता येतं. तुझं तू ठरव, आणि आज सांग."

बाहेर येताच सोबत आलेली आत्या कुजबुजली, "नवाच करून घे गं. लग्न व्हायचंय अजून. बघणारा माणूस काय म्हणेल?"

टेलरबाई जिना उतरून खाली आली. लिफ्टपाशी मिस्त्री उभा होता. अंगात तोच शर्ट, कानावर स्क्रूड्रायव्हर. कानावर? तिची नजर त्याच्या छातीवर गेली आणि तिथंच खिळली.

"अगंबाई... खिसा!"

डाव्या बाजूला खिसाच नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा तिचा हात चुकला होता.

"इतके दिवस बोलला का नाहीत?"

"वाटलं, नवी फॅशन असेल."

"खोटं!"

"बरं... बोललो असतो, तर तुम्ही शर्ट परत नेला असता."

ती बाकावर बसली. "हात तिकडे जातच नव्हता माझा," ती हळूच म्हणाली. "माझी डावी बाजू जाणार आहे. नवी करून घ्यायची की सपाट राहायचं, ते आज सांगायचंय. आत्या म्हणते, बघणारा माणूस काय म्हणेल..."

मिस्त्री तिच्या शेजारी बसला. मग म्हणाला, "बघणारा माणूस रोज हाच शर्ट धुऊन घालतोय. खिसा लावलात तर स्क्रूड्रायव्हर खिशात, नाही लावलात तर कानावर. शर्ट तो कुणाला देणार नाही."

तिनं मान फिरवली. रुमालाचं टोक डोळ्यांना लागलं... वाऱ्यानं असेल.

"सपाट," ती म्हणाली. "मशीनवर वाकायचं असतं मला, पोटावर टाके कशाला हवेत? पुढे वाटलंच तर बघू. माझी झंपरं माझी मी बेतीन." मग एकदम, "आणि खरं सांग, लिफ्ट दर वेळी बिघडायची?"

त्या 'सांग'नं मिस्त्री कानापर्यंत लाल झाला. "पहिल्यांदा... खरंच बिघडली होती."

निर्णय सांगायला दोघं वर निघाली. दोन मजल्यांच्या मधोमध लिफ्ट थांबली.

"शपथ! या वेळी मी काही केलं नाही!"

"माहितेय," टेलरबाई म्हणाली, आणि थांबायच्या बटणावरचं आपलं बोट तिनं मुळीच उचललं नाही.