अर्ध्या वाटेवरची टाळी

दातांच्या दवाखान्यात रोज लोकांचे आ वासलेले जबडे बघून ताईला वीट आला होता, आणि धाकटीला स्वतःच्या शिलाई मशीनच्या खडखडाटाचा. म्हणून दोघी बहिणींनी पाठीवर एकेक पिशवी टाकली आणि या इवल्याशा बेटावर आल्या. ताईच्या पिशवीत अर्धं औषधाचं दुकान होतं, हे वेगळं सांगायला नको. दिवस मोठे मजेत गेले. वाळूत लोळायचं, भूक लागली की नारळांखालच्या पत्र्याच्या खोलीकडे परतायचं. घाई म्हणून कसली नव्हती.

शेवटच्या दिवशी दुपारी सामान बांधून झालं. होडी संध्याकाळी सुटणार होती.

"बेटाला एक फेरी मारू या," ताई म्हणाली. "तू इकडून, मी तिकडून. अर्ध्या वाटेवर टाळी!"

हा त्यांचा लहानपणचा खेळ. शाळेच्या मैदानाभोवती दोघी उलट दिशांनी धावायच्या आणि समोरासमोर आल्या की टाळी द्यायच्या. खोल्या भाड्याने देणारी मावशी अंगण झाडत होती. तिने झाडू थांबवला.

"जायचं तर दोघी एकाच बाजूने जा."

"का हो मावशी? वाट चुकते?"

"चुकायला काय, गोलच तर आहे. तरी पण एकाच बाजूने जा."

ताईला हसू आवरेना. मावशीने पुढे खनपटीला बसायचं सोडून दिलं.

धाकटी निघाली. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला काटेरी झाडीची भिंत, मधे वाळूची चिंचोळी पट्टी. चुकामूक व्हायला जागाच नव्हती. कुजक्या शेवाळाचा वास येत होता. बरंच चालून झालं तरी समोरून ताई दिसेना. बसली असेल कुठे पाय चोळत, असं तिला वाटलं. मग वारा पडला. लाटा येत होत्या, फुटत होत्या, पण त्यांचा आवाज येत नव्हता. कानात दडे बसले म्हणून तिने जांभई दिली. काही फरक पडला नाही.

थोडं पुढे वाळूत ठसे दिसले. ताईच्या चपला समोरून येऊन थांबल्या होत्या. त्यांच्यासमोर आणखी एक जोडी उभी राहिली होती, आणि तिथून दोन्ही जोड्या शेजारी शेजारी, ताई आली त्याच बाजूने, खोलीकडे परत गेल्या होत्या. धाकटीने आपलं पाऊल त्या दुसऱ्या ठशावर ठेवलं. टाचेच्या झिजलेल्या कोपऱ्यासकट ते नेमकं बसलं.

ती धावत सुटली.

ताई खोलीच्या पायरीवर बसली होती. धाकटीचा जीव भांड्यात पडला, पण तेवढ्यात ताईचा चेहरा पांढराफटक पडला.

"तू... तू आत अंघोळीला गेली आहेस ना?"

"मी आत्ता येतेय, ताई! तू भेटलीच नाहीस."

"भेटले की. टाळी दिलीस. आपण बरोबर परत आलो... गप्पा मारत."

आत न्हाणीत पाणी ओतल्याचा आवाज येत होता. दोरीवर एक ओला कुडता वाळत होता. धाकटीने तो हातात घेतला. घाईत शिवताना खिसा जरा तिरका बसला होता, तो तसाच तिरका. आणि तो कुडता तर तिच्या अंगात होता.

"ताई, चल इथून. होडी सुटेल."

"थांब." ताई मागे सरकली. "मला सांग, लहानपणी तू माझ्या हाताला चावली होतीस, ते कशावरून?"

धाकटीने आठवून पाहिलं. चावल्याचंच आठवेना. मग येतानाची होडी आठवायला गेली, तर तीही धूसर झाली होती. मी सकाळी काय खाल्लं? तिला काही सुचेना. रडूच आलं.

"मोरपंखी रिबिनीवरून!" न्हाणीतून तिचाच आवाज आला, हसरा. "आणि मग तूच मला फुंकर घालायला लावलीस. कोण आलंय गं ताई?"

ताईने डोळे मिटले. उत्तर बरोबर होतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

मावशी कुंपणापाशी येऊन उभी राहिली होती. "होडीत दोघींचीच जागा आहे," ती हळूच म्हणाली. "जिला न्यायचं तिला ने. पण आत्ताच ठरव."

न्हाणीतलं पाणी थांबलं. मग ताईने धाकटीचं मनगट पकडलं, दोन्ही पिशव्या उचलल्या आणि दोघी धक्क्याकडे पळाल्या.

होडी सुटल्यावर धाकटीने विचारलं, "तिला सगळं आठवत होतं. मग मलाच का?"

"तू घाबरली होतीस," ताई म्हणाली. "माझी बहीण घाबरलीच असती. ती घाबरली नव्हती." तिने धाकटीचा हात दोन्ही हातांत गच्च धरला. धाकटीला इतकं हलकं वाटलं, की ती रडता रडता हसली.

"ताई!"

किनाऱ्यावर ती आली होती. ओले केस, कशीबशी गुंडाळलेली चादर. धावत पाण्यात शिरली आणि गुडघाभर पाण्यात थबकली. पुढे जायची छाती होईना, मागे फिरवेना. जिवाच्या आकांताने ती ओरडत होती, "ताई, मला सोडून जाऊ नकोस! मला भीती वाटतेय गं!"

ताई वळून बघत राहिली. पाण्याच्या भीतीपायी धाकटी बेटावर येताना मधल्या फळीला चिकटून बसली होती. एकदाही तिने होडीच्या काठाकडे पाहिलं नव्हतं.

हळूहळू ताईचे हात सैल पडले.

"काय झालं, ताई?" धाकटीने विचारलं.

ताई धाकटीच्या दुसऱ्या हाताकडे बघत होती. तो होडीच्या काठावरून केव्हाचा खाली सुटला होता, कोपरापर्यंत समुद्रात बुडालेला, आणि धाकटीला पाणी फार बरं वाटत होतं.