दुसऱ्याने बघायची गाठ

आमची पहिली भेट म्हणजे त्याचा बूट माझ्या डोक्यात पडला, ती. उगाच गोड करून सांगत नाही — खरंच पडला, टाचेकडून, आणि चांगलं टेंगूळ आलं.

मी गेले होते योगासनांच्या वर्गाला. जुन्या शीतगृहाच्या इमारतीत तो भरतो असं ताईने सांगितलं होतं, आणि मी नेमकं दार चुकले. आत शिरले तर समोर तीन मजले उंच भिंत, तिच्यावर रंगीत प्लास्टिकचे खुंट, आणि खुंटांना चिकटलेली चार-पाच मोठी माणसं. वरून आवाज आला, "अहो, लागलं का?"

"नाही, फुलं पडली!" मी ओरडले.

वरचा माणूस इतका हसला की त्याचा हात सुटला, आणि तो दोराला लोंबकळत, गरगर फिरत खाली आला. एका पायात बूट, दुसरा मोजाच. भुवईवर, घामट हातांना लावतात त्या खडूची पूड.

"सॉरी हं... टाच चावत होती म्हणून सैल केला होता. आता आलाच आहात तर चढून बघा की."

"मी काय पाल आहे?"

"सुरुवातीला कुणीच नसतं," तो म्हणाला.

माझं सगळं काम बसून. औषधाच्या कारखान्यात मी डोळ्यांच्या थेंबांच्या बाटल्या तपासते. बाटली दिव्यासमोर धरायची, उलटी करायची, आत कण दिसतो का बघायचं, पुढे सरकवायची. दिवसाला अडीच हजार. मान अवघडलेली, साखर वाढायच्या बेतात, आणि डॉक्टरीणबाईंनी हात टेकलेले. "काहीही करा, आवडेल ते करा, पण हला!" जिम मी दोनदा लावली होती, दोन्ही वेळा नव्याचे नऊ दिवस. ताई म्हणायची, "पैसे भरून घाम गाळण्यापेक्षा माझी फरशी पूस, पुण्य तरी लागेल."

भिंतीचं मात्र वेड लागलं. तिथे व्यायाम करतोय असं वाटतच नाही. हा हात कुठे, तो पाय कुठे, एवढंच डोक्यात असतं. तीन महिन्यांत माझी मान मोकळी झाली आणि जिना चढताना लागणारी धाप गेली. आणि हो... रविवारची वाट बघायची सवय लागली, ती वेगळी.

तो शहर बसवर ड्रायव्हर होता. दिवसभर बसून कंबर धरते म्हणून आलेला. मी त्याला ड्रायव्हरसाहेब म्हणायची, तो मला तपासनीसबाई. पुढे अहो-जाहो गेलं, साहेब-बाई राहिले.

"तपासनीसबाई, माझ्यात काही कण दिसतो का बघ ना."

"कण कसला, अख्खा खडा आहेस."

भिंत चालवणारे मास्तर अग्निशमन दलातून निवृत्त झालेले. बोलणं कमी, पण एक नियम काळ्या दगडावरची रेघ. चढणाऱ्याने वरच्या कडीतून आलेला दोर कमरेच्या पट्ट्यात ओवून गाठ मारायची — आधी इंग्रजी आठाचा आकार करायचा, मग दोराचं टोक त्याच वाटेने परत फिरवायचं. तरच ती गाठ. आणि स्वतःची गाठ स्वतः तपासायची नाही. खाली दोराची दुसरी बाजू धरणाऱ्याने त्यात बोट घालून बघायचं आणि मोठ्यांदा म्हणायचं, "बघितली!" त्याशिवाय पाय उचलायचा नाही.

त्या रविवारी तो दोर ओवत होता आणि मी समोर उभी होते.

"आज वर पोचलो की तुला एक गोष्ट विचारणार आहे," तो म्हणाला. हात थांबले होते त्याचे. "वरूनच विचारणार. म्हणजे तुला पळता येणार नाही. दोर तुझ्याच हातात ना!"

"आणि मी नाही म्हणाले तर?"

"तर मी तिथेच राहीन. पाल होऊन."

माझे कान गरम झाले. त्याच्या भुवईवर तीच पांढरी पूड... मी तिच्याकडे बघत राहिले आणि तोंडाने म्हटलं, "बघितली!"

तो वर गेला. भराभर, शीळ घालत. शेवटच्या खुंटाला हात लावून त्याने खाली बघितलं, हसला, आणि दोरावर टेकायला म्हणून मागे रेलला.

माझ्या हातातला दोर एकदम हलका झाला.

तो खाली अंथरलेल्या गादीच्या कडेवर पडला. उजव्या टाचेचा चुरा झाला, कमरेचा एक मणका मोडला. तो आवाज मला अजून ऐकू येतो, बाटल्या तपासताना सुद्धा. मास्तर धावत आले, त्यांनी दोराचं टोक खाली ओढून बघितलं आणि मला विचारलं, "गाठ बघितली होतीस?"

"हो," मी म्हणाले. "पुरी होती."

का म्हणाले? देवाला ठाऊक. दिवसभर तोच शिक्का मारणारी मी — तपासले, तपासले, तपासले. तोंडाला सवय होती म्हणू का? नाही. घाबरले होते, दुसरं काही नाही. मास्तर माझ्याकडे बघत राहिले. आणि तो, स्ट्रेचरवर पडल्या-पडल्या कण्हत म्हणाला, "तिला काही विचारू नका... वर गेल्यावर मीच काहीतरी सोडलं असेल. मला आठवत नाही."

नंतरचे सात महिने मी त्याच्याकडे जात होते. आधी इस्पितळात, मग त्याच्या खोलीवर. सूप करून न्यायचे, पायाचे व्यायाम करून घ्यायचे, जिन्यावर खांद्याचा आधार द्यायचे. त्याची आई माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणायची, "पोरी, तू होतीस म्हणून गं." चोराच्या मनात चांदणं... त्यांनी हात फिरवला की माझ्या अंगावर काटा यायचा.

टाच जुळली. काठी राहिली, पण जोर आला. डेपोवाल्यांनी कळवलं की परीक्षा दे, पास झालास तर पुन्हा गाडी देतो. मी पेढा मिळाल्यासारखी नाचत गेले, तर तो खिडकीशी बसलेला.

"देणार नाही परीक्षा," तो म्हणाला. "हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर बसायला सांगतायत, ते बरं."

"वेडा आहेस का? तुला गाडीशिवाय करमतं तरी का?"

"ज्या माणसाला स्वतः बांधलेली गाठ आपण कधी सोडली ते आठवत नाही, त्याच्या मागे पन्नास माणसं बसवायची? उद्या ब्रेकचं विसरलो तर?" तो स्वतःच्या हातांकडे बघत होता. "माझा माझ्यावर भरवसाच राहिला नाही गं. तू तेवढी आहेस म्हणून..." तो थांबला. "त्या दिवशी विचारायचं होतं, ते आता कोणत्या तोंडाने विचारू?"

मला तेव्हा गप्प बसता आलं असतं. "मी आहे ना" म्हटलं असतं तर तो माझा होता, जन्मभर. सामानाच्या खिडकीवर बसला असता, आणि मी सूप केलं असतं.

"तू काही सोडलं नाहीस," मी म्हणाले. "गाठ अर्धीच होती. बोलता-बोलता तू थांबलास आणि टोक परत फिरवायचं राहिलं. तसं कुणाचंही राहतं, म्हणून तर दुसऱ्याने बघायची. मी नाही बघितली. तुझ्या तोंडाकडे बघत होते. आणि मास्तरांना खोटं सांगितलं."

खाली रस्त्यावरून एक बस गेली, तिचा हॉर्न वाजला.

"सात महिने," तो म्हणाला, अगदी हळू. "सात महिने मी स्वतःला शिव्या घालतोय... आणि तू समोर बसून मला चमच्याने सूप भरवतेस?"

"हो."

"जा तू."

गेले. तिथून तडक मास्तरांकडे गेले आणि त्यांनाही सांगितलं. ते म्हणाले, "दोराचं टोक बघितलं तेव्हाच कळलं होतं मला. वाट बघत होतो तुझी. आता यापुढे कुणाचा दोर धरायचा नाहीस." वर चढायला बंदी नव्हती, पण माझा दोर तरी कोण धरणार? दर रविवारी मी जायचे, गाद्यांवरची पूड झाडायचे, खुंट पुसायचे आणि घरी यायचे. ताईने विचारलं, "अगं, हा कसला व्यायाम?" मी रडले, तेव्हा तिने पुन्हा विचारलं नाही.

सात आठवड्यांनी दारात काठीचा आवाज आला.

तो आत आला. माझ्याकडे न बघता मास्तरांना म्हणाला, "परीक्षा दिली. पास झालो. उद्यापासून गाडीवर." मग खुंटीवरचा पट्टा काढून माझ्यासमोर टाकला. "बांध."

आठ केला, टोक परत फिरवलं, ओढलं. त्याने काठी भिंतीला टेकवली, वाकला, गाठीत बोट घातलं. एकेक पदर दाबून बघितला. इतका वेळ लावला की बाकीचे थांबून बघायला लागले.

"बघितली," तो म्हणाला.

मी चढले. शेवटच्या खुंटाला हात लावला आणि तिथेच अडकले. खाली तो उभा — एका पायावर सगळा भार, हातात माझा दोर, आणि माझ्यावर रागवायला शंभर कारणं. मागे रेलायचं तर खुंट सोडायला हवा. बोटं सुटेनात.

"सोड!" तो ओरडला.

मी डोळे मिटले आणि सोडला.

दोर ताठ झाला. मी हवेत लटकत राहिले, आणि हुंदका आला तो आवरेना.

"त्या दिवशी काय विचारणार होतास?" मी वरूनच ओरडले.

"आता तूच वर आहेस. तूच विचार!"

"लग्न करशील माझ्याशी?"

कुणीतरी शिट्टी मारली. मास्तर खोकले.

"राग गेलेला नाही अजून," शेवटी तो म्हणाला. "लवकर जाणारही नाही."

"मग?"

"मग काय... आधी खाली तर ये."

तो मला हळूहळू उतरवायला लागला, हातभर, हातभर. माझे पाय गादीला लागेपर्यंत त्याने एकदाही माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. सगळा वेळ तो गाठीकडे बघत होता.