पडण्यापुरतं सुख

जालन्याच्या मनकेंद्रात ओजस्वीच्या मनगटावरची पट्टी तिसऱ्यांदा हिरवी झाली, आणि तिची आई प्रतीक्षा होती तिथेच फरशीवर बसली. हिरवी म्हणजे ठीक. लाल झाली असती तर सोबती मिळाला असता. शेजारच्या खोलीतून एका मुलाचे वडील बाहेर आले आणि फोनवर ओरडले, "लाल झाली! मिळाला आपल्याला!" त्यांचा मुलगा त्यांच्या मागे मान खाली घालून उभा होता. त्याचं दुःखही काही खोटं नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो.

"लेकरू जेवत न्हाई," प्रतीक्षा खिडकीतल्या माणसाला म्हणाली. "बोलत न्हाई. सतरा वर्षांची पोर जगून काय करू म्हणती. अन् तुमची पट्टी म्हणती ठीक हाय? आग लागो त्या पट्टीला!"

खिडकीतल्या माणसाने नेहमीचं उत्तर दिलं. "बाई, पट्टी खोटं बोलत नाही."

हे मात्र खरं होतं. पट्टी खोटं बोलत नव्हती, आणि गोष्टीतली सगळी भानगड तिथेच आहे.

त्या काळात मन मोजता येऊ लागलं होतं. मनगटावरची ही मनपट्टी घामातली रसायनं, झोप, नाडी आणि आवाजाची चढउतार यांवरून मनाचा एक आकडा काढी. पण आकडा मिळाला म्हणून काम भागलं नाही. ताप मोजायचा तर अंगाची उष्णता सगळ्यांची सारखीच असते. मनाचं तसं नसतं. कुणी जन्मजात हसरा असतो, तर कुणाचं तोंड बारशालाच सुतकी. मग आजारी कोणाला म्हणायचं? डॉक्टर हेमांगी टिपणीस यांनी यावर एक सुंदर तोड काढली. माणसाची तुलना दुसऱ्याशी करायचीच नाही, फक्त त्याच्या स्वतःशी करायची. मूल बारा वर्षांचं झालं की शाळेत महिनाभर पट्टी बांधून त्याची नेहमीची पातळी नोंदवायची. ही त्याची मूळरेषा. पुढे कधी मन या रेषेच्या खाली तीस अंशांहून जास्त घसरलं, की पट्टी लाल होते आणि सरकार त्याला सोबती देतं. सोबती म्हणजे मनावर उपचार करणारा हाडामांसाचा शिकलेला माणूस. असे सोबती फार थोडे होते, म्हणून तर ही मोजामोजी. खासगी सोबतीही होते, पण तसा परवडायचा तर प्रतीक्षा जिथे राबायची ते काचघरच विकावं लागलं असतं, आणि तेही दुसऱ्याच्या मालकीचं.

श्रीमंत-गरीब, शहर-खेडं, कुणाचा कुणाशी संबंध नाही. ज्याचं त्याचं मन, ज्याची त्याची रेषा. लोकांनी डॉक्टरीणबाईंना डोक्यावर घेतलं. कायद्याचं नावसुद्धा 'समान मन कायदा' असं ठेवलं.

त्या दिवशी डॉक्टर टिपणीस योगायोगाने जालन्याच्या केंद्रात तपासणीला आल्या होत्या. फरशीवर बसलेली बाई बघून त्या थांबल्या आणि मायलेकींना आत घेऊन गेल्या. त्यांनी ओजस्वीची नोंद उघडली आणि पार पहिल्या दिवसापासून चाळली.

"प्रतीक्षाताई, ही बारा वर्षांची होती तेव्हा घरात काय चाललं होतं?"

"त्या साली हिचा बाप गेला. मंग मी हिला संगं काचघरात न्यायला लागले. शाळेच्या आधी अन् शाळेच्या नंतर."

काचघर म्हणजे बियाण्यांच्या कंपन्यांची काचेची शेतं. जालना पहिल्यापासून बियाण्यांचं गाव. मधमाश्या कमी झाल्यावर फुलाफुलावर कुंचल्याने परागकण फिरवायचं काम माणसांच्या हाती आलं, आणि त्यातही बारीक बोटांच्या पोरींच्या. आत भट्टीसारखी उष्णता, तोंडाला फडकं, आणि बोलायला बंदी, कारण श्वासाने परागकण उडतात. ओजस्वी त्यात वाढली.

"म्हणजे तिची मूळरेषा त्या महिन्यात नोंदवली गेली," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. "दुकानदार काट्यावर रिकामं भांडं ठेवतो आणि काटा शून्यावर आणतो, बघितलंय ना? मग माल टाकतो. तुमच्या मुलीच्या भांड्यात आधीच दगड होता. आम्ही दगडासकट शून्य धरलं."

प्रतीक्षाला हे कळायला वेळ लागला नाही. "म्हंजी ती आधीपासनंच खाली हाय, म्हणून पडलेली दिसत न्हाई?"

"हो."

"अन् त्या पोराची कशी लाल झाली?"

डॉक्टरांना उत्तर माहीत होतं. शहरातल्या चांगल्या शाळा मूळरेषेच्या महिन्यात मुलांना थंड हवेच्या ठिकाणी नेत. परीक्षा नाही, गृहपाठ नाही, घोड्यावरून रपेट आणि गरम जिलेबी. रेषा उंच लागे. पुढे जरा कुठे ठेच लागली की तीस अंश सहज खाली. डॉक्टरांच्या स्वतःच्या भाच्याचीही अशी सहल झाली होती, आणि तेव्हा त्यांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. हे त्यांनी प्रतीक्षाला सांगितलं नाही. त्यांनी आजचा आकडा पाहिला आणि त्या आणखीच गोंधळल्या. ओजस्वी आज रेषेच्या चक्क वर होती.

"पट्टी त्याच दिवसाचं मन मोजते. आज सकाळपासून तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? दवाखान्यात यायचं म्हंजी नीट यायला पाहिजे ना. आम्ही काय भिकारी न्हाई. हिला न्हाऊ घातलं. डोक्याला तेल लावलं, वेणी घातली, नवा ड्रेस घातला. शिरा केला. बसमधी माह्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. एरवी मला कुठं सवड मिळती? मी दिवसपाळीला, ही रातपाळीला. हे केंद्रात यायचं म्हणून तर दोघींना एक दिवस सुट्टी."

ओजस्वी आईला टेकून बसली होती. ती एवढंच म्हणाली, "मला इथं यायला आवडतं."

डॉक्टर टिपणीसांनी चष्मा काढला. तीन वेळा ही बाई मुलीला न्हाऊ-माखू घालून, मायेने जवळ घेऊन इथे आली होती, आणि तिन्ही वेळा त्या मायेनेच मुलीला नापास केलं होतं.

"ही रेषा कधी बदलत न्हाई का, म्याडम?"

"अठरा पूर्ण झाली की दुसरी नोंद होते. एक महिना. तीच शेवटची, मग जन्मभर तीच." डॉक्टरांनी दाराकडे एक नजर टाकली. पुढचं बोलू नये हे त्यांना कळत होतं. "तो महिना जर चांगला गेला... फार चांगला गेला... तर रेषा उंच लागेल. मग ती परत काचघरात गेली, की..."

"की पडल."

"मी हे सांगितलं असं कुणाला सांगू नका."

"न्हाई सांगत," प्रतीक्षा म्हणाली. ती उठून उभी राहिली होती. तिच्या हाती आता काहीतरी करण्यासारखं लागलं होतं.

ओजस्वीला अठरा पूर्ण झाली तशी प्रतीक्षाने मुकादमाला सांगितलं की सासू वारली, गावी जायला पाहिजे. सासू कधीच गेलेली. तिला बिचारीला दुसऱ्यांदा मारली. केंद्रातून नव्या नोंदीची पट्टी बांधून घेतली आणि लेकीला घेऊन ती अजिंठ्याच्या डोंगराकडच्या आपल्या बहिणीकडे गेली.

तो महिना काय वर्णावा! मावशीचं घर दीड खोलीचं, पण मागे निंबोणीची सावली होती आणि हवा होती. पहिला आठवडा ओजस्वी नुसती झोपली. जागी झाली की आई दिसे, हेच तिला खरं वाटेना. मग ती हळूहळू बोलायला लागली. मावशीच्या शेळीला करडू झालं, त्याचं नाव तिने 'मुकादम' ठेवलं, कारण ते सारखं मागे लागे. अठरा वर्षांत न शिकलेली सायकल ती शिकली, पडली, गुडघे फोडून घेतले आणि पोट धरून हसली. आई मागून सायकल धरून पळत होती आणि ओरडत होती, "सोडू का? सोडू का गं?"

"सोडू नको मम्मे!"

पट्टीचा आकडा आईच्या फोनवर दिसे. तो रोज चढत होता. आणि प्रतीक्षाचं काय होत होतं, तेही सांगायलाच हवं. लेक हसली की तिचा जीव सुपाएवढा होई, आणि लगेच मनात येई, बरं झालं, आणखी वरून पडेल. असं मनात आलं की ती स्वतःच्याच तोंडात मारून घेई. मावशीने एकदा विचारलं, "कामून गं, दाढ दुखती का?" प्रतीक्षा "हो" म्हणाली.

शेवटच्या दिवशी ओजस्वी करडाला मांडीवर घेऊन बसली होती. "मम्मे, मला वाटायचं, सगळ्यांना आतून तसंच असतं. जड. मला वाटायचं, माणूस म्हंजी तेच. तसं नसतं ना?"

"नसतं बाई."

"मंग अजून थोडं राहू ना. मला बरं वाटतंय. मला आता सोबती नको."

बहिणीच्या घरी दोघींना पोसण्याइतका दाणा नव्हता, गावात काम नव्हतं, आणि काचघरातली जागा महिन्याहून जास्त कुणी राखत नाही. राहता आलं असतं तर आजाराचाच प्रश्न मिटला असता, हे प्रतीक्षालाही कळत होतं. तिने पिशवी भरली.

काचघरात परतल्यावर ओजस्वी कोसळली, आणि आधीपेक्षा वाईट कोसळली. आधी ती उष्णता फक्त उष्णता होती. आता तिला निंबोणीची सावली आठवे. आधी आई नसणं हे रोजचंच होतं. आता ती दर पहाटे रिकाम्या खोलीत येऊन आईच्या अंथरुणावर हात फिरवी.

केंद्राची तारीख आली. या वेळी प्रतीक्षाने चूक केली नाही. तिने लेकीला रातपाळीवरून थेट उचललं, परागकणांनी पिवळ्या झालेल्या कपड्यांत. न्हाऊ घातलं नाही, वेणी घातली नाही, उपाशी ठेवलं. बसमध्ये ओजस्वीने डोकं टेकवलं तेव्हा ती उठून पुढच्या बाकावर जाऊन बसली. सगळा रस्ता ती खिडकीबाहेर बघत होती आणि पदर तोंडात कोंबून रडत होती. मागे बसलेल्या ओजस्वीला फक्त तिची पाठ दिसत होती. आपलं काय चुकलं, हे ती विचार करकरून थकली.

पट्टी लाल झाली. एक्केचाळीस अंश खाली!

प्रतीक्षाने आधी देवाचं नाव घेतलं आणि मग ती धावत केंद्रासमोरच्या दुकानात गेली. आपल्याकडे पोर पास झालं की पेढे वाटतात. एवढ्या खटपटीनंतर तिची लेक पास झाली होती. तिच्या जागी तुम्ही काय केलं असतं?

डॉक्टर टिपणीसांनी ही केस स्वतःकडे मागून घेतली होती. खोलीत त्या आणि ओजस्वी दोघीच होत्या.

"ओजस्वी, आता मी तुझी सोबती. दर आठवड्याला आपण भेटायचं. तुला काय हवंय, ते तू मला सांगायचं."

ओजस्वी बराच वेळ हातावरचा पिवळा रंग खरवडत राहिली.

"माझी जुनी रेषा परत द्या."

"म्हणजे?"

"आधी मला माहीत नव्हतं. आता माहीत झालंय. माहीत नव्हतं तेव्हा बरं होतं. ती रेषा परत लावा ना म्याडम. तुम्हीच काढलंय ना हे सगळं?"

डॉक्टरांनी काढलंच होतं. आणि रेषा जन्मात दोनदाच लागते, हा नियमही त्यांनीच लिहिला होता. तो त्यांनी तिला सांगितला.

"बरं," ओजस्वी म्हणाली. तिला 'नाही' ऐकायची सवय होती. "मंग किती दिवस येऊ मी?"

"घसरण तीसच्या खाली आली नाही तोवर. तीसच्या खाली आली की सोबत बंद होते."

हे वाक्य डॉक्टरांनी आजवर शेकडो सभांमधून उच्चारलं होतं. आज ते तोंडातून बाहेर पडल्यावर त्या स्वतःच दचकल्या. समोरच्या मुलीला ते त्यांच्याआधी कळलं होतं.

"मम्मीला मघाशीच खिडकीतल्या काकांनी सांगितलं ते," ती म्हणाली. "म्हणूनच ती आता मला हात लावत न्हाई."

डॉक्टरांनी उठून दार उघडलं. बाहेर प्रतीक्षा पेढे वाटत होती. बाकावर बसलेल्या बायकांनी तिला घेरलं होतं. प्रत्येकीजवळ एक हिरव्या पट्टीचं पोर होतं. "तुम्ही कुठं नेलं होतं हो हिला?" "किती दिवस?" "आमच्यालाबी पुढच्या महिन्यात अठरा पुरी होत्यात. सुख लई द्यावं लागतं का?" प्रतीक्षा सगळ्यांना समजावून सांगत होती. कुणाला सांगणार नाही म्हणाली होती खरी, पण त्या बायांची तोंडं बघून तिला राहवलं नसावं.

"म्याडम! घ्या, तोंड गोड करा!" तिने डॉक्टरांच्या हातावर पेढा ठेवला. डॉक्टर तो तसाच धरून उभ्या राहिल्या.

ओजस्वी त्यांच्या मागून बाहेर आली. कालपासून पोटात काही नव्हतं. तिने पेढ्यासाठी हात पुढे केला.

प्रतीक्षाने बॉक्स चटकन मागे घेतला.

"तू नको खाऊ, बाई," ती म्हणाली. "तुला लई आवडतो."