कानातला कापूस

१९३८ साल. कराचीहून मुंबईला आलेल्या विमानातून मंगरूळपीरचे कापसाचे व्यापारी फय्याज शेठ उतरलेच नाहीत. झोपेतच हृदय बंद पडलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. शेजारी बसलेला त्यांचा भागीदार मुनाफ यानं त्यांना मुंबईतच दफन केलं आणि एकटा गावी परतला.

येताना तो एक शब्द घेऊन आला. मरण्याआधी फय्याज शेठनी आपली एकुलती मुलगी हुस्नाबानो त्याला देऊ केली होती म्हणे.

मुनाफ पन्नाशीचा विधुर. हुस्ना सतराची.

दुसऱ्या दिवशी शेठच्या घराच्या दाराला बाहेरून कुलूप लागलं. किल्ली मुनाफच्या कमरेला. आत हुस्ना आणि तिची फुफी सुलतानबी, शेठची थोरली बहीण. भिंतीपलीकडे दोघा भागीदारांचं कापसातली सरकी काढायचं जिनिंग दिवसभर घरघरायचं. या दोघी एकमेकींशी ओरडूनच बोलायच्या.

"नाई म्हन ना, पोरी!"

"अब्बाची जबान हाये, फुफी. कशी मोडू?"

कुलूप एकवेळ तुटलं असतं. ही जबान तुटत नव्हती.

निकाहच्या आदल्या संध्याकाळी मुनाफ नवरीच्या कपड्यांचा जोडा घेऊन आला. यंत्र बंद झालं होतं. सुलतानबी पडद्याआडून म्हणाली,

"कराची लय दूर म्हन्तात, मुनाफभाई."

"साडेपाचशे मैल, आपा! आगबोटीले दिवस लागतात. आमी सकाळी उडालो न् दुपारी मुंबई!" त्यानं खिशातून कापसाचे दोन बोळे काढले. गावभर दाखवून ते मळले होते. "हे कानात घालायले देल्ले. इंजनापुढं आपलं जिनिंग काहीच नाई."

"भाईजान कुठं बोलले? वाटेत विमान खाली उतरलं तवा?"

"नाई, तवा गोरे साहेब होते संग. वर, समुद्रावर. अल्लाच्या जवळ."

"जोरात बोलले?"

"हळूच, कानात. घरची गोष्ट कोनी ओरडून सांगते काय?"

"बराबर हाये. निकाह जिनिंगमंदीच करू. भाईजानची जागा हाये थे."

मुनाफ खूश झाला. त्याला जिनिंगच तर हवं होतं.

दुसऱ्या दिवशी काजी रऊफसाहेब आले. मजूर भोवती जमले. पडद्याआडून सुलतानबी बोलली,

"मुनाफभाई, थो कापूस कानात घाला. काजीसाहेब, मशीन चालू झाली का यायच्या कानात हळूच काही सांगा."

"हे काय नाटक, आपा?" मुनाफ हसला. पण सगळे बघत होते. त्यानं बोळे घातले.

यंत्र घरघरलं. काजी वाकून पुटपुटले. यंत्र थांबलं.

"काय म्हटलं मी?"

मुनाफनं एकेकाचं तोंड पाहिलं. "मुबारक म्हटलं तुमी."

"मी म्हटलं, तू खोटारडा हायेस."

सुलतानबीनं उरलेलं सांगितलं. "विमानाचं इंजन याच्याहून मोठं. कानात कापूस. हळू बोललेलं याले ऐकू आलं कसं? खाली तर गोरे होते, थे यानंच सांगतलं. माह्या भावानं जबान देल्लीच नाई."

पडद्याआड हुस्ना पहिल्यांदा रडली.

काजींनी हात पुढं केला. मुनाफनं कमरेची किल्ली सोडून त्यांच्या हातावर ठेवली.

पुढं तो आपला हिस्सा विकून अकोल्याला गेला, परत दिसला नाही. रऊफसाहेब ही गोष्ट म्हातारपणापर्यंत सांगायचे. सुलतानबी आकाशात विमान दिसलं की कानावर हात ठेवायची, मरेपर्यंत. हुस्नाबानोनं जिनिंग चालवलं, आणि काही वर्षांनी शेलूबाजारचा नवरा स्वतः पसंत केला. यंत्राशेजारी वाढलेली ती. तिचं 'कबूल' रस्त्यापर्यंत ऐकू आलं होतं.