मापाचं टेबल

"माणसाचा माप लाकडासाठी एकदाच घेवचा असता, वयनी," बाबली मेस्त्री म्हणाला होता. तो तिरडीचं बोलतोय हे सत्यवतीच्या ध्यानात आलं आणि तिला हसूच आलं. कोल्हापूरला बी.ए. झालेली ती. म्हणाली, "मग शिंप्याकडे जायचंच नाही की काय, मेस्त्री?"

"कापड फाटता," एवढंच बोलून तो रंधा मारू लागला.

ते साल अठ्ठावन्न. नवऱ्याचा, गुरुदासचा, एक मुंबईचा आर्किटेक्ट मित्र मालवणला उतरला होता. पाटावर जेवताना त्याचे गुडघे धरले, म्हणून त्यानं हौसेनं टेबलाचा नकाशा काढला. नवराबायको आणि चार वर्षांची नीरजा, तिघांना बसवून कोपरं-गुडघे टेपनं मोजले. बाबलीच्या हातून सागवानी टेबल झालं मात्र देखणं. नक्षीचं नाव नाही, पाय खाली निमुळते, जरा बाहेर कललेले. नीरजाच्या बाजूला तिच्या बेताची बुटकी जोडफळी.

पुढच्या जूनमध्ये शाळेचा जुनाच झगा नीरजाला नीट बसला. सत्यवतीला बरंच वाटलं.

त्याच्या पुढच्या जूनलाही तोच बसला.

दाराच्या चौकटीवर पेन्सिलीची रेघ रेघेवरच पडून जाड होत गेली. डॉक्टरांनी माशाचं तेल दिलं. आईच फार घाबरते, म्हणाले. पोर वर्तमानपत्र वाचायला लागली, पण दुधाचा एकही दात पडला नाही. टेबल पडवीत टाकून सगळी पुन्हा पाटावर जेवू लागली. रेघ हलली नाही.

एका दुपारी सत्यवतीनं नखं कापायला तिचा हात धरला. ती शेवटची कधी कापली होती, आठवेना.

बासष्टात गुरुदासनं बाबलीला बोलावून फळी कापायला सांगितली. त्यानं करवत पिशवीतून काढलीच नाही. नीरजाकडे बघून म्हणाला,

"करवत खंय लागात, माका सांगूक येणा नाय."

नीरजा पडवीत त्या टेबलाशी खुर्चीत पाय हलवत बसली होती. "आई गो, मी आठ वर्षांची ना?"

सत्यवती हो म्हणाली.

निघताना बाबलीनं सांगितलं, त्याच मित्राच्या नकाशावरून त्यानं दुसरं टेबल आचऱ्याच्या एका मास्तरांना करून दिलं होतं, त्यांच्या मुलासकट सगळ्यांची मापं घेऊन. सत्यवतीनं तिकडे चार पत्रं टाकली. उत्तर नाही. नीरजाला सोडून तिला जाववत नाही.

तेव्हा तुमच्यापैकी कुणी आचऱ्याला गेलात, तर देवळामागच्या मास्तरांच्या घरी डोकावून या, एवढंच तिचं मागणं आहे. मूल बरं आहे का, असं नुसतं विचारून परतू नका. आत जाऊन बघा. माप घेतलं तेव्हा ते नुकतं बसायला लागलं होतं.