मास्तरांच्या गाडीतली रिकामी सीट

पैज अशी होती. मी हरलो तर रविवारी सकाळी, अख्ख्या गल्लीसमोर, वर्कशॉपपासून कोपऱ्यापर्यंत उलटं चालत जायचं. आणि चालताना रिव्हर्स घेणाऱ्या गाडीसारखं तोंडाने 'पीप... पीप...' करायचं.

टेलर हरला तर त्याने मिशी उडवायची.

हसा, हसा. पैज लावताना मीही पोट धरून हसलो होतो.

पण हे सगळं घडलेलं आहे. माझ्या ओळखीतलं कोणी विश्वास ठेवणार नाही, ते मला माहीत आहे. "करंटने सोडली आणखी एक पुडी," म्हणतील. त्यांचंही बरोबर आहे. टेलरच्या स्कूटरचा हॉर्न त्याच्या ब्रेकला जोडून ठेवणारा मीच. ब्रेक मारला की पॅंऽऽ! बिचारा आठवडाभर लोकांच्या शिव्या खात फिरत होता.

तेव्हा मला काय म्हणायचं ते म्हणा. पण त्या संध्याकाळी माझ्या हातात वायरी तपासायचा मीटर होता, आणि मीटरला थापा मारता येत नाहीत.

हे लिहितोय तेव्हा माझी पाठ भिंतीला टेकलेली आहे.

हल्ली मी असाच बसतो.

गल्लीच्या तोंडाशी माझं वर्कशॉप आहे. गाड्यांच्या वायरिंगचं काम. हेडलाइट, हॉर्न, सेन्सर, स्विच... म्हणून नावच 'करंट' पडलं. खरं नाव फक्त बायकोला आठवतं, तेही भांडताना.

शेजारी शिट्टी मास्तर राहतात. शाळेत खेळाचे मास्तर होते. रिटायर झाले, पण गळ्यातली शिट्टी काही रिटायर झाली नाही. त्यांना एकुलती एक मुलगी. मला 'करंटकाका' म्हणते. तिला नुकतीच नोकरी लागली होती. लांबच्या गावी, घाटापलीकडे. गावोगाव फिरायचं काम, त्यामुळे अट एकच... स्वतःची गाडी हवी.

मास्तरांनी आपली गाडी तिला द्यायचं ठरवलं. रविवारी सकाळी ती निघणार होती.

आणि शुक्रवारी मास्तर कुंपणापाशी आले. चेहरा असा, की जणू घरचा संघ फायनल हरलाय.

"करंट, गाडीत कोणीतरी बसतंय रे."

"बसणारच. गाडी आहे ती, कपाट नाही."

"चेष्टा नको. मी एकटा चालवतो. शेजारची सीट रिकामी. आणि मध्येच टुण टुण सुरू होतं... बेल्ट लावा, बेल्ट लावा. कोणी लावायचा बेल्ट?"

"सीटखालचा सेन्सर गेला असेल."

"आणि रिव्हर्स टाकला की मागे कोणी नसताना पीप पीप होतं, ते?"

"बंपरवरचे सेन्सर धुळीने भरले असतील. मास्तर, वायरी आहेत या. भुतं काय सेन्सर बघून बसतात का?"

पलीकडे टेलर शर्टाला काज करत बसला होता. त्याला कुठे राहवतंय?

"मास्तर, गाडी विकून मोकळे व्हा. हा वायरीचा दोष नाही. करंटला तर मुळीच सापडणार नाही."

"सापडला तर मिशी काढशील?"

"काढीन! पण दोष हातात आणून दाखवायचा. तुटलेली वायर, सडलेलं सॉकेट, काय असेल ते. नुसतं 'झालं दुरुस्त' चालणार नाही. तुझ्या तोंडावर इथे कोणाचा विश्वास आहे?"

मुदत ठरली. शनिवारी रस्त्यावरचे दिवे लागेपर्यंत.

मास्तर हसले नाहीत. किल्ली माझ्या हातात देताना म्हणाले, "घाटातून पोरगी एकटी जाणार. ती एकटी असेल ना, एवढं मला सांग. नाहीतर किल्ली तिला देणार नाही. नोकरी गेली तरी चालेल."

तिच्या कानावर गेलं ते. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत आत निघून गेली.

शनिवारी दुपारनंतर मी गाडी वर्कशॉपच्या मागच्या मोकळ्या जागेत लावली. आजूबाजूला काही नाही. मागे लांबवर भिंत, तिथवर सेन्सरची नजर पोचत नाही.

आधी बंपरवरचे सेन्सर. चारही पुसले. एकेक सॉकेट काढून बघितलं. करंट येतोय, अर्थिंग चांगलं, एक पिनसुद्धा गंजलेली नाही. चालू सेन्सरवर बोट ठेवलं की आत बारीक टिकटिक लागते. चारही टिकटिकत होते. ठणठणीत.

मग आत बसलो. हँडब्रेक ओढला. रिव्हर्स टाकला.

शांत.

"बघ टेलर, गेली तुझी मिशी," मी मनात म्हटलं.

आणि...

पीप.

मी आरशात बघितलं. मागे कोणी नाही.

पीप... पीप...

भिंत होती तिथेच. गाडी होती तिथेच.

पीप, पीप, पीप, पीप...

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. वस्तू लांब असली की हा आवाज सावकाश येतो. जवळ आली की भराभर. म्हणजे उभ्या गाडीकडे मागून काहीतरी चालत येत होतं.

डिकीपर्यंत आलं.

आणि आवाज बंद झाला.

असं कधी होतं? माणूस मागून येऊन बाजूला वळला, की होतं.

मी स्वतःलाच दोन शिव्या घातल्या. ओल असेल कुठेतरी. उतरलो, बॅटरीची वायर काढून बाजूला ठेवली. आता गाडीत करंटच नाही. गाडी म्हणजे पत्र्याचा डबा. आता वाजून दाखव म्हणावं!

सर्किट तपासायची खरी रीत हीच. गाडीचा करंट बंद करायचा आणि आपल्या मीटरने एकेक स्विच बघायचा.

माझ्याकडे एक घरगुती घंटी आहे. टॉर्चचा सेल, तुटक्या खेळण्यातला बझर आणि दोन चिमटे. ती मी शेजारच्या सीटच्या दाराच्या स्विचला लावली. दार उघडं असलं की स्विच जुळतो, घंटी वाजते. दार लावलं की गप्प. उघडून बघितलं, वाजली. लावून बघितलं, गप्प. स्विच चांगला.

मग ड्रायव्हरच्या जागी बसून शेजारच्या सीटखालचं सॉकेट काढलं. त्यात मीटरच्या पिना घातल्या. सीट रिकामी असली की मीटरवर मोठा आकडा. कोणी बसलं की आकडा खाली येतो. हाताने दाबून बघितलं. आकडा खाली. हात काढला, आकडा वर. सीटही चांगली.

आता आली का पंचाईत! सगळंच चांगलं. मग दोष आणू कुठून? बाहेर ऊन उतरायला लागलेलं. मला उलटं चालताना बघायला टेलर पाहुणे जमवणार, हे डोळ्यांसमोर दिसायला लागलं.

मी मीटर मांडीवर घेऊन तसाच बसून राहिलो.

आणि घंटी वाजली.

मी दाराकडे बघितलं.

दार बंद होतं.

माझ्या डोळ्यांसमोर दार बंद होतं, आणि घंटी सांगत होती की उघडलंय...

मग घंटी थांबली. कोणी आत येऊन हळूच दार लावून घ्यावं, तशी.

माझी नजर मांडीवर गेली.

आकडा उतरत होता.

एकदम नाही. सावकाश. गुडघे दुखणारं माणूस जसं आधी टेकतं, मग सरकतं, मग नीट बसतं... तसा. खाली येऊन तो थांबला. स्थिर.

सीटचं कापड सपाट होतं. एक सुरकुती नव्हती.

गाडीत आम्ही दोघं होतो.

पळायला हवं होतं ना? पाय हलले नाहीत. आणि मला एक खोड आहे... घाबरलो की माझं तोंड सुटतं. बापाच्या छडीसमोरसुद्धा मी विनोद करायचो आणि जास्तीचा मार खायचो.

तसंच झालं. समोर बघत, घसा खरवडून मी म्हणालो,

"हे बघा, जे कोण असाल ते. पोरगी उद्या एकटी घाटातून जाणार आहे. तिच्याबरोबर कशाला? तिचा बाप झोपलेला नाही. फिरायचीच हौस असेल तर माझ्यामागे या. मी रिकामाच आहे. करमणूकही होईल."

बोललो आणि स्वतःच हसलो. तेवढंच हसू त्या गाडीत ऐकू आलं.

आकडा हलला.

सावकाश वर गेला. मोठा. सीट रिकामी.

घंटी वाजली...

घंटी थांबली.

बाहेर रस्त्यावरचे दिवे लागले.

टेलर आणि मास्तर वर्कशॉपच्या मागच्या दारात हजर. मागे मास्तरांची मुलगी.

"दाखव दोष," टेलर म्हणाला.

"दोष नाही."

"वायरी?"

"चांगल्या."

"सेन्सर?"

"चांगले. सगळं चांगलं आहे. ऐका, जरा बसा..."

आणि मी सांगितलं. जसं घडलं तसं सगळं. टेलर भिंतीला धरून हसला. "काय रचतोस रे! हरलास म्हणून भूत आणलंस होय?"

मास्तर मात्र लालबुंद झाले. "माझ्या पोरीच्या जिवाचा प्रश्न आहे आणि तुला थट्टा सुचते?" किल्ली माझ्या हातातून ओढून त्यांनी खिशात घातली. "गाडी जाणार नाही. विषय संपला."

तिने माझ्याकडे बघितलं. "काका, निदान आज तरी नको होतं," एवढंच म्हणाली.

आयुष्यभर लोकांना गंडवलं. त्या दिवशी खरं बोललो, आणि कोणाला ते ओळखूच आलं नाही.

रात्रीच मी घंटी काढून घेतली, बॅटरीची वायर आणि सीटखालचं सॉकेट होतं तसं जोडून ठेवलं. रविवारी सकाळी गल्ली भरली होती. टेलर गळ्यात टेप अडकवून पायरीवर उभा, जसा काही प्रमुख पाहुणा. बायको गॅलरीत, पदराने अर्धं तोंड झाकून. "लग्नाआधी सांगायचं होतं, हेही येतं म्हणून!" ती वरून ओरडली. लोक खदखदले.

मग मीही रंगात आलो. नाटकी सलाम ठोकला, पाठ कोपऱ्याकडे केली आणि निघालो उलटा.

"पीप... पीप..."

"जागा सोडा, अवजड वाहन येतंय!" कोणीतरी ओरडलं. टाळ्या. शिट्ट्या.

"पीप... पीप..."

निम्म्या वाटेवर पाठीला गार लागलं.

वारा नव्हता. शर्ट हलत नव्हता. फक्त पाठीला, जसं बर्फाच्या लादीजवळ उभं राहावं.

"पीप पीप पीप..."

हे मी करत नव्हतो. म्हणजे तोंड माझंच होतं. पण भराभर करायचं मी ठरवलं नव्हतं.

"पीपपीपपीपपीप..."

लोक हसून हसून वाकले. "काय अ‍ॅक्टिंग आहे!" टेलरच्या डोळ्यांतून पाणी आलं.

माझं तोंड बंद झालं. मी जागेवर थांबलो.

तेवढ्यात समोर गाडी चालू झाली. मास्तरांनी ती परत आपल्या दारात लावायला सांगितली होती. पोरगी चालवत होती, शेजारच्या सीटवर मास्तर. तिने रिव्हर्स टाकला. गाडी मागे आली...

शांत. एक पीप नाही.

मास्तर उतरले. शेजारची सीट रिकामी ठेवून तिने गाडी पुन्हा पुढे घेतली, पुन्हा मागे. टुणटुण नाही. काही नाही.

"काकाऽ! आवाज गेला!"

मास्तरांनी कचकचून शिट्टी मारली. खिशातली दुसरी किल्लीही काढून तिच्या हातावर ठेवली आणि चष्मा पुसत उभे राहिले. पोरगी हात हलवत होती, हसत होती. घाटातून ती आता एकटी जाणार होती.

खरंच एकटी. ते माझ्याइतकं कोणालाच पक्कं माहीत नव्हतं.

"म्हणजे दुरुस्त केलं होतंस तू!" टेलर ओरडला. "मग हरलास कशाला?"

"तुझ्या मिशीची दया आली रे."

माझा आवाज कापत होता. तोही लोकांना विनोद वाटला.

"बरं, बरं. पण पैज म्हणजे पैज! कोपरा राहिलाय अजून. चल, घे मागे!"

सगळी गल्ली टाळ्या वाजवायला लागली. सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या मागे कोणाला काही दिसत नव्हतं. दिसत असतं तर कोणी हसलं असतं का?

मला वळून बघायचं नव्हतं. मी डोळे मिटले आणि एक पाऊल मागे टाकलं.

पाठ कशालाही लागली नाही. गारवा मात्र होता तेवढाच जवळ होता.

माझ्या मागे जे होतं, त्याने एक पाऊल मागे घेऊन मला जागा करून दिली होती...