शेवटची दहा मिनिटं

पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचणाऱ्या माणसावर माझा विश्वास नाही. आणि हा तर चारही पुस्तकांची शेवटची पानं वाचत उभा होता... तेही फुकट, आमच्याच स्टॉलला टेकून!

त्र्याण्णव सालचा तो रविवार. हैदराबादेत गौलीगुड्याच्या बसस्टँडवर पाऊस पत्र्यावर इतका वाजत होता की नांदेडच्या गाडीचा पुकारासुद्धा ऐकू येत नव्हता. माझ्या नामदेवमामांचा छोटा प्रेस होता. त्यांची मराठी पॉकेटबुकं आम्ही स्टँडवर विकायचो आणि नांदेड-उदगीरचे प्रवासी ती घेऊन गाडीत चढायचे. रविवारी स्टॉल माझ्याकडे. सगळ्यांत जास्त खप 'ध्रुवापलीकडे' या मालेचा. केबलवर दर गुरुवारी एक इंग्रजी मालिका लागायची... एक यान, एक कॅप्टन, दर आठवड्याला नवा ग्रह. तिच्याच गोष्टी आम्ही मराठीत छापायचो. लेखक – अरविंद.

अरविंद म्हणजे मी, भामा. हे मामांशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं. परवानगी वगैरे आम्ही कोणाची घेतली नव्हती. "साता समुद्रापलीकडून कोण येतंय विचारायला?" असं मामा म्हणायचे. पण देशाची दारं उघडली आणि साता समुद्रापलीकडची माणसं खरोखरच येऊ लागली. त्या चॅनेलच्या कंपनीने आता आमच्याच शहरात ऑफिस थाटलं होतं. त्यांचा एक माणूस जरी आमच्यापर्यंत पोचला, तरी मामांच्या प्रेसला कुलूप लागणार आणि माझं लिहिणं कायमचं बंद होणार, हे मी जाणून होते.

"हे अरविंद कुठं राहतात हो?" त्याने विचारलं. केस भिजलेले, सदरा खांद्याला चिकटलेला, आणि हसताना एकाच गालाला खळी. इतकं गोड हसणारी माणसं सरळ नसतात, असं माझं मत आहे.

"का? सोयरीक जमवायची आहे?"

"जमली तर नक्को कोण म्हणतंय?"

मी फणकाऱ्याने पुस्तकं बांधून दिली. जाताना त्याने वळून पाहिलं. मी पाहत होते, हे त्याला दिसलं... म्हणून जास्तच राग आला.

मंगळवारी तो थेट प्रेसमध्ये हजर! शिवराज म्हणून नाव सांगितलं आणि पुन्हा तोच प्रश्न. मी प्रुफांत डोकं खुपसून कान टवकारले.

"अरविंद ना? ते सोलापूरला असतात," मामा म्हणाले.

"नाही हो काका," तो शांतपणे म्हणाला. "इथंच असतात. या मागच्या गल्ल्यांपैकी एकीत. लिहून देतो."

मामांच्या कपातला चहा बशीत सांडला. तो गेल्यावर त्यांनी दार लावून घेतलं. "भामा, हा कंपनीचाच माणूस आहे बघ. पाचवं पुस्तक बंद. जान सलामत तो पगडी पचास."

पाचवं पुस्तक निम्मं छापून झालं होतं. आधी वाटलं रडावं, मग वाटलं, रडायचं कशाला? हा गडी आहे तरी कोण, ते आधी काढून घेऊ. पुढच्या रविवारी तो स्टॉलवर येताच मी विचारलं, "चहा पाजता का?"

तो इतका दचकला की हातातली छत्री पडली.

सुलतान बाजारातल्या इराण्याकडे बसलो. बाहेर भुरभुर चालू होती. त्याने उस्मानिया बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली. मी हात लावला नाही. शत्रूचं मीठ कशाला खा?

"काम काय करता?"

"सांगितलं तर शिव्या द्याल."

"त्या मनात चालूच आहेत."

"हौ, ऐकू येतायत," तो म्हणाला... आणि पुन्हा ती खळी.

मी घसा खाकरला. कंपनीचा माणूस असेल तर मालिका त्याला पाठ असणार. म्हणून हळूच खडा टाकला. "ती हिरव्या ग्रहावरची मुलगी... तिचं शेवटी काय होतं हो?"

"काय होणार? कॅप्टन तिला सोडून निघून जातो."

"सोडून? शक्यच नाही! मी तिला यानात बसव—"

जीभ चावली, पण उशीर झाला होता. मामांचा प्रेस मी एका वाक्यात बुडवला होता. शिवराजने कप खाली ठेवला आणि माझ्याकडे बघतच राहिला.

"तुम्ही?... तुम्ही अरविंद?"

"धरून न्या आता. पण मामांना काही करू नका."

"अहो, कुठं नेऊ? मी तुमचा केबलवाला आहे!"

माझ्या तोंडून निघायला नको ते निघालं. "मुर्दार केबलवाला!" दर गुरुवारी मी हेच ओरडायचे. कारण मालिका ऐन रंगात आली, की पडद्यावर फटकन तेलुगू सिनेमा सुरू व्हायचा.

"सिनेमा सातला लावायचा," तो कान पकडून म्हणाला, "पण लाईनवरच्या पद्मावती आंटी दहा मिनिटं आधीच फोन करून जीव खातात. मग मी वायर बदलतो. गच्चीवरच्या खोलीत डिशवर शेवट दिसतो, तो मला एकट्याला. तिकडं मलकपेठेत दुसऱ्याची लाईन, तिथं सगळं पूर्ण दिसतं. तुमची पुस्तकं वाचली, तर बरोबर जिथं मी कापतो, तिथून गोष्ट वेगळी! मग लेखक माझ्याच लाईनवरचा असणार ना?"

मी कपाळावर हात मारला. खरे शेवट मी एकदाही पाहिले नव्हते. दहा मिनिटांत काय घडत असेल, ते मनानेच रचायचे. माझ्या कॅप्टनने आजवर कुणालाच मागे ठेवलं नव्हतं.

"पण पुढच्या गुरुवारी ती माणसं यानात दिसत नाहीत, तेव्हा तुम्हाला काही वाटलं नाही?" त्याने विचारलं.

"वाटायचं... असतील आत, स्वयंपाकघरात."

तो इतका हसला की इराण्याने गल्ल्यावरून मान वर केली. मलाही हसू फुटलं आणि मी बिस्कीट उचललं.

"एक सांगू?" हसता हसता तो गंभीर झाला. "खऱ्या मालिकेत शेवटी सगळे एकटेच राहतात. गच्चीवर एकट्याने ते बघवत नाही हो. तुमचं पुस्तक वाचून मला बरं वाटतं. हल्ली मी सिनेमा अजून थोडा आधीच लावतो... जो कोणी लिहितोय, त्याला जास्त लिहायला मिळावं म्हणून."

माझं काळीज त्या दिवशीच त्याच्याकडे गेलं, पण डोकं मात्र माझ्याकडेच राहिलं. तो रोज प्रेसवर येऊ लागला. मामा निवळले, पाचवं पुस्तक पुन्हा मशीनवर चढलं. आणि तरी मी प्रत्येक भेटीत त्याची उलटतपासणी घ्यायचे.

मग एक दिवस प्रेसच्या गल्लीच्या तोंडाशी मी त्याला पाहिलं. सोबत टाय लावलेले दोघे होते आणि एकाच्या हातात माझं पुस्तक. शिवराज त्यांच्याशी हसून बोलत होता.

झालं! गोड बोलून त्याने माझ्याकडूनच सगळं काढून घेतलं होतं, आणि मी वेडी त्याच्यासाठी वेणीत अबोली माळत होते. मी मागच्या दाराने घरी गेले आणि उशीत तोंड खुपसून रडले. प्रेसपेक्षा त्याच्यासाठी जास्त रडले, याची लाज वाटली.

संध्याकाळी मामा आले. चेहरा उजळलेला.

"सुटलो, पोरी! कंपनीला लेखक सापडला."

"...कोण?"

"शिवराज. मीच अरविंद, म्हणून कबूल केलं त्याने. यापुढे एक ओळ लिहिलीस तर पोलीस केस, असा त्याला दम देऊन गेले; प्रेस वाचला. त्याची लाईन विकत घेऊन त्याला मलकपेठेत सुपरवायझर करायची बोलणी चालली होती, तीही फिसकटली."

मी चपला न घालताच धावले. त्याच्या गच्चीचा जिना ओला होता. तो वायरींच्या गुंत्यात बसला होता. मला बघून उभा राहिला.

"खोटं का बोललात?" मला धाप लागली होती. "एवढी मोठी नोकरी! अशी कोणी घालवतं?"

"मग काय तुमचं नाव सांगू? मालिका त्यांची आहे, भामा. ती सोडा आता. पण तुमचे शेवट तर तुमचेच होते ना? शेवटांच्या आधीचं पण तुम्हीच लिहा. तुमच्या नावाने."

"मी तुमच्यावर संशय घेतला. आजसुद्धा... आत्तापर्यंत."

"माहीत आहे. मला राग नाही आला."

"मला आला. माझाच." मी त्याच्याकडे सरळ पाहिलं. "तुम्ही मला फार आवडता, शिवराज."

गाल लाल झालेला मुलगा मी पहिल्यांदाच पाहिला. मग तो हळूच म्हणाला, "उद्या घरी येऊ? तुमची लाईन तपासायला... म्हणजे, त्या निमित्ताने..."

"लाईन नको," मी म्हटलं. "आईला घेऊन या. मला बघायला या."